मुलींची वेळ दोन ते चार

३ ऑगस्ट १९९८, सोमवार

कॉलेजच्या मस्टरवर आज माझी पहिली सही. तबस्सुम अयूब शेख, क्रीडा मार्गदर्शिका, मुली. खाली बारीक अक्षरात 'तासिका तत्त्वावर' असं आहे, पण सही मी मोठी केली.

अब्बांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. एक पोलिस शिपाई पँट आखूड करायला आला होता. त्याने विचारलं, "काय शिकवते जी पोरगी?"

"टेनिस."

"ते तं मोठ्या लोकायचं राहते."

अब्बा मशीन न थांबवता म्हणाले, "मोठ्या लोकांच्या पँटी आम्हीच शिवतो भाऊ."

आमच्या घरात मी पहिली ग्रॅज्युएट. ही वहीही त्याच आनंदात घेतली.

चिमूरकर सर इथले क्रीडा संचालक. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन टेनिस स्पर्धेत आपला मुलांचा संघ नऊ वर्षांपासून जातो, मुलींचा एकदाही गेला नाही. सर म्हणाले, "दोन पोरी उभ्या कर, तबस्सुम. दोन असल्या की टीम होते. कॉलेजच्या पॉइंटात भर पडते." स्वतःहून मुलींचा विचार करणारा माणूस मला पहिल्याच दिवशी वरिष्ठ म्हणून मिळाला.

कोर्ट एकच आहे. पहाटे पाच ते आठ आणि दुपारी चार ते सात मुलांची वेळ. मुलींना दोन ते चार. ऊन असतं, पण वेळ मिळाली हे महत्त्वाचं.

८ ऑगस्ट, शनिवार

पहिल्या दिवशी अकरा मुली आल्या होत्या. आज दोन.

एक स्वाती, पेपर मिलमधल्या कामगाराची मुलगी. आधी बॅडमिंटन खेळलेली. तोंड एक क्षण बंद नाही. दुसरी अन्नपूर्णा कोवे. पोंभुर्ण्याच्या पुढे सहा किलोमीटरवरच्या जंगलातल्या गावची, इथे आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहते. बी.ए.चं पहिलं वर्ष. बारीक, लांब हातांची, बोलते इतकं हळू की पुन्हा विचारावं लागतं.

तिला रॅकेट नीट धरता येत नव्हतं. पण कुंपणाबाहेर गेलेला चेंडू तिने परत फेकला तो कोर्ट, कडुलिंब आणि जिमखान्याचं छप्पर ओलांडून पलीकडे. मी विचारलं, हे कुठे शिकलीस?

"कुठीच नाई जी. धानात पाखरं येतेत. मचानीवर बसून गोफण मारावं लागते."

स्वाती म्हणाली, "मॅडम, हिच्यासमोर नेटवर मले नका उभं करू. मी काई पाखरू नाई."

कोर्ट शेणाने सारवतात हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसतील. मुरमाच्या थरावर माती, तिच्यावर शेणकाला, मग रोलर, मग चुन्याच्या रेषा. हे सगळं बायनाबाई करते. साठीची आहे, मुलांच्या संघालाही शिव्या देते. अन्नपूर्णाने येताच चपला बाहेर काढल्या, तेव्हा बायनाबाई मला म्हणाली, "हे पोरगी घरची हाय. बाकी सारे पाव्हणे."

१३ ऑगस्ट, गुरुवार

जिमखान्यात मुलांसाठी मुतारी आहे. मुलींची सोय मुख्य इमारतीत, आणि शिपाई दीड वाजता कुलूप लावून किल्ली घरी नेतो. सोमवारी स्वाती नाइलाजाने भिंतीमागे गेली. मुलांच्या संघातले दोघे सायकली घेऊन तिथेच आले. काही बोलले नाहीत, नुसते हसले. स्वाती दोन दिवस आली नाही.

मी सरांना सांगितलं. "पुढच्या वर्षीच्या बजेटात टाकू. अर्ज दे." अर्ज दिला. किल्ली मागितली तर शिपाई म्हणाला, किल्ली हरवली तर पगार माझा कापतील.

शेवटी मी नियम केला. बारा वाजल्यानंतर पाणी नाही, कोर्टवर तर घोटभरही नाही. चार वाजता वसतिगृहावर जाऊन हवं तेवढं प्यावं. मुलींना कारण सांगायला अवघड वाटलं, म्हणून शिस्त म्हणून सांगितलं. ती खोटी नाही. बी.पी.एड.ला आमचे सरही खेळताना पाण्याला हात लावू देत नसत, पोटात गोळा येतो म्हणून. शाळेची दहा वर्षं मी सकाळच्या चहावर काढली, संध्याकाळी घरी येऊन प्यायचे. रोज्यात तर दिवसभर काहीच नाही. सवयीचा प्रश्न आहे.

स्वाती कुरकुरली. अन्नपूर्णा म्हणाली, "हो जी."

२७ ऑगस्ट, गुरुवार

अब्बांनी दोघींचे कपडे शिवले. पांढरी पँट, गुडघ्याखालपर्यंत, आणि वर अर्ध्या बाह्यांचा कुर्ता. मुलांच्या संघाचा कप्तान सुनिल म्हणाला, "मॅडम, हे टेनिसची टीम हाय का नर्सबाईची?"

अन्नपूर्णा म्हणाली, "तू बिमार पडशीन तवा कामी येईन जी."

मी तिला पहिल्यांदा कुणाची थट्टा करताना ऐकलं. सुनिलने नंतर तिच्याशी एक सेट खेळला, सहा-चारने जिंकला, आणि जाताना आपल्या चेंडूंतले सहा बरे चेंडू ठेवून गेला.

९ सप्टेंबर, बुधवार

अन्नपूर्णा आज धावण्याच्या तिसऱ्या फेरीला बसली. पिंढऱ्या दुखतात म्हणे. परवाही तेच. मी थोडं चढ्या आवाजात बोलले. हातात देणगी आहे आणि पायांत आळस. देणगी असलेल्यांना मेहनत नकोशी वाटते हे मी पाहिलं आहे. मला देणगी नव्हती, म्हणून मी धावले.

ती उठली आणि राहिलेल्या पाचही फेऱ्या पूर्ण केल्या. मी पाठ थोपटली. अंग फार गरम लागलं, पण ऊनच तसं होतं.

बायनाबाई रोलर ओढता ओढता थांबून म्हणाली, "बाई, त्या पोरीचे डोरे पाह्यले का? हरद लावल्यावानी दिसून राह्यले."

मी म्हटलं, उन्हाने होतं.

"मी बी उन्हातच राह्यतो," ती म्हणाली.

२३ सप्टेंबर, बुधवार

कॉलेजात आरोग्य तपासणी झाली. अन्नपूर्णाच्या कार्डावर 'रक्त कमी' असं आलं. वर्गातल्या अर्ध्या मुलींच्या कार्डावर तेच आहे. लोहाच्या गोळ्या दिल्या. मी घरून रोज एक उकडलेलं अंडं नेते, तिने माझ्यासमोर खायचं.

गोष्टीतून गोष्ट निघाली. तिला एक मोठा भाऊ होता, नऊ वर्षांचा असताना गेला. कशाने?

"हाडं दुखे त्याचे. हिवाळ्यात रडे. मंग एक दिवस नाई उठला."

मला वाईट वाटलं. जंगलात दवाखाना जवळ नसतो, साध्या तापानेही मुलं जातात. म्हणूनच मुली शिकल्या पाहिजेत, बाहेर पडल्या पाहिजेत. मी तिला सांगितलं, विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर तुला दुसऱ्या राज्यात खेळायला नेतील, नंतर नोकरीत खेळाडूंसाठी जागा असतात. ती बराच वेळ चेंडूवरचा लव निघालेला भाग अंगठ्याने चोळत होती. मग म्हणाली, "गावात सांगू का मी हे?"

मी म्हटलं, सांग.

४ ऑक्टोबर, रविवार

दोघींना घरी जेवायला बोलावलं. मूल गावाहून अब्बांच्या एका गिऱ्हाइकाने नवा तांदूळ आणला होता, लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाचा. अम्मीने खीर केली. सगळ्या घरात वास. अन्नपूर्णाने वाटी हळूच बाजूला सारली.

अम्मीला वाटलं, आपल्या हातचं खात नाही. चेहरा पडला तिचा. अन्नपूर्णाच्या लक्षात आलं. "तसं नाई जी, माय. आमचं नवं झालं नाई अजून. देवाले दाखवल्याबिगर नवीन धान खात नाई आमी. पोळी द्या, चार खातो."

आणि खरंच चार खाल्ल्या. अम्मी खूश. म्हणाली, ही आपल्या रोज्यासारखीच गोष्ट झाली. स्वातीने तिच्या वाटची खीर संपवली आणि म्हणाली, "तुझा देव अन् माझं पोट, दोघंही राजी."

परवा नागपूरला निघायचं. अन्नपूर्णाला जरा सर्दी आहे. विश्रांती घे म्हटलं. सराव फक्त तासभर घेतला.

७ ऑक्टोबर, बुधवार. नागपूर, सरकारी दवाखान्याचा जिना

सकाळची फेरी आम्ही जिंकलो. दोन्ही एकेरी. मुलांचा संघ पहिल्याच फेरीत हरला होता, म्हणून सुनिल आणि त्याची मुलं आमच्या कुंपणाला येऊन बसली. चिमूरकर सर सगळ्यांना सांगत होते, मी म्हटलंच होतं, मुलींवर काम केलं पाहिजे.

दुपारी एकला उपांत्य फेरी. समोर नागपूरच्या मुली, आखूड स्कर्ट, प्रत्येकीजवळ दोन-दोन रॅकेट्स. अन्नपूर्णाने एकेरी जिंकली. तिची सर्व्हिस पाहायला बाजूच्या कोर्टवरचे लोक आले. निवड समितीच्या बाईंनी मला नाव विचारलं आणि लिहून घेतलं. मी कोवेचं स्पेलिंग सांगितलं. स्वाती हरली. एक-एक. दुहेरी लगेच सुरू.

पहिला सेट आमचा. दुसऱ्या सेटमध्ये पाच-तीन असताना अन्नपूर्णा कोर्टच्या मधोमध बसली. पडली नाही, शेतात थकून माणूस बसतं तशी बसली. मी ओरडले, ऊठ, एक गेम राहिला. ती छाती धरून होती. सुनिलने कुंपणावरून उडी मारली. त्याने उचललं तिला. मी रॅकेट उचललं.

आता आत आहे. ऑक्सिजन लावला आहे. स्वाती माझ्या खांद्यावर झोपली आहे.

८ ऑक्टोबर, गुरुवार

तिच्या घरी निरोप कसा द्यायचा? पोंभुर्ण्याच्या पोलिस ठाण्यात फोन केला. तिथला हवालदार म्हणाला, माणूस पाठवतो.

दुपारी ती बोलली. "मॅच?"

खोटं सांगितलं. पुढे ढकलली म्हटलं.

१० ऑक्टोबर, शनिवार

अन्नपूर्णा पहाटे गेली. तिची आई मंगलीबाई आणि मामा वारलू काल संध्याकाळी पोचले होते. आईने तिच्या पायाला हात लावला तेव्हा ती जागी होती. एवढं तरी झालं.

१२ ऑक्टोबर, सोमवार

लिहायचं नव्हतं. लिहिते.

शनिवारी भेटले ते डॉक्टर तरुण होते, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. रक्तातली गोल पेशी विळ्यासारखी होते, अडकते, पुढचं रक्त थांबतं. सिकलसेल. तिकडे पुष्कळ घरांत आहे, म्हणाले, आईबापांना माहीत नसतं. भावाबद्दल मी सांगितलं तर त्यांनी मान हलवली. पिवळे डोळे, पिंढऱ्या, ताप, सगळं तेच.

मी विचारलं, खेळल्यामुळे झालं का?

ते म्हणाले, "जपून थोडंफार खेळता आलं असतं. पण अशा रुग्णाने तहानलेलं राहायचं नसतं. सारखं पाणी प्यायला पाहिजे. पाणी कमी पडलं, त्यात ऊन, वर दमणूक, की पेशी वाकतात."

मी खाली येऊन जिन्यावर बसले. त्याच जिन्यावर बुधवारी मी सगळं लिहिलं होतं. गुण लिहिले, स्कर्ट लिहिले, स्पेलिंग लिहिलं. एक गोष्ट लिहिली नाही. पंचांच्या खुर्चीखाली माठ होता. तिने पाणी मागितलं होतं. मी नाही म्हटलं होतं.

२६ ऑक्टोबर, सोमवार

काल तिच्या गावी जाऊन आले. दिवाळी होईपर्यंत धीर झाला नाही.

पोंभुर्ण्यापासून पायी. धान पिवळं झालं आहे, मचाणं रिकामी. मंगलीबाईने बाज टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला. मला तो उचलता येईना. तिला वाटलं मी त्यांच्या घरचं पीत नाही. मग प्यायले.

मी सांगायलाच गेले होते. पण ती आधी बोलली.

"आमचीच चूक हाय बाई. नवं व्हायच्या आधी शहरात तिनं नवीन धान खाल्लं. गावात सारेच म्हनतेत. देवाले सोडून खाल्लं तं असंच होते. मी तिले बजावून धाडलं नाई."

वारलू म्हणाला, "भूमकानं बी तेच काहाडलं." भूमक म्हणजे त्यांचा पुजारी. "तिच्या नावानं गावाले दंडाचं जेवण द्या लागते. तोवर तिले वाडवडलांत घेत नाईत."

मी काय केलं? मी मान हलवली. वाईट वाटतं म्हटलं. तिच्या नावाचं प्रमाणपत्र आणलं होतं, उपांत्य फेरीचं, ते दिलं. मंगलीबाईने ते उलटं धरून पाहिलं आणि शिंकाळ्यात ठेवलं. मग मी निघाले.

बसमध्ये मला हलकं वाटलं. हे मी इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही. हलकं वाटलं.

२ नोव्हेंबर, सोमवार

चिमूरकर सरांनी अहवाल टाइप करून ठेवला होता. 'खेळाडूची प्रकृती अचानक बिघडली.' मी म्हटलं, पाण्याचं लिहायला हवं, कुलपाचंही. सरांनी दार लोटलं.

"तू तासिकेवर आहेस, तबस्सुम. तुझं नाव येईन, माझं नाई. आजार होता, आजारानं गेली. डॉक्टरनं लिहून देल्लं न?"

"मी पाणी दिलं नाही सर."

"कोन देते खेळताना? मी बी नाई देत." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुझी कमाई आत्ता कुठं सुरू झाली. बापाचा विचार कर. अन् या महिन्यात आणखी एक पोरगी पाहून ठेव. दोन असल्या की टीम होते."

मी सही केली. या वेळी लहान केली.

बायनाबाई कोर्ट सारवत होती. मी तिच्याजवळ उभी राहिले. तिने वर पाहिलं नाही. "मी सांगतलं होतं तुले," म्हणाली. एवढंच.

५ नोव्हेंबर, गुरुवार

काल रात्री अब्बांना सगळं सांगितलं. घरातली पहिली शिकलेली म्हणून माझ्याकडे पाहणाऱ्या माणसाला हे सांगणं मला अवघड गेलं. त्यांनी हातातलं काज पूर्ण केलं, दोरा तोडला.

"त्या पोरीनं अपने घर में खीर खाई?"

"नाही."

"मग ते तिच्यावर आळ घेऊन बसले आहेत, आणि तुला माहीत आहे."

"हो."

"नोकरी गई तो दुकान है," ते म्हणाले आणि पुढचं काज घेतलं.

आज सकाळी सरांच्या टेबलावर दुसरा अहवाल ठेवला, माझ्या हस्ताक्षरात, पाण्यासकट, कुलपासकट. त्याची एक प्रत प्राचार्यांना. त्यांनी काय केलं ते अजून कळलं नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

आज पुन्हा तिच्या गावी गेले. मंगलीबाई खळ्यावर होती. धान वाफवून पसरलं होतं, ती पायाने सारखं करत होती. वारलू पलीकडे दोर वळत होता. तिने पुन्हा बाज दाखवली. मी बसले नाही.

म्हटलं, "मावशी, अन्नपूर्णाने नवं खाल्लं नव्हतं. माझ्याच घरी वाटी समोर आली होती, तिने सारली. आमचं झालं नाही म्हणाली. माझी आई साक्षीला आहे, तिची मैत्रीण आहे."

तिचे पाय थांबले.

"मग काऊन गेली?"

मी सांगितलं. रक्ताचं सांगितलं, भावाचंही तेच असावं हे सांगितलं. मग पाण्याचं. दोन महिने रोज, उन्हात, माझ्या नियमाने. तिथे मुलींना जायला जागा नव्हती हे सांगायला लागले आणि मध्येच थांबले, कारण ते कुणाला सांगत होते, आणि कशासाठी. त्या दिवशी माठ जवळ होता हे सांगितलं. तिने मागितलं आणि मी दिलं नाही हे सांगितलं.

वारलू उठून उभा राहिला. मंगलीबाईने त्याला हाताने थांबवलं.  एक कोंबडी आत शिरली, तिने तिला हाकलली. मग विचारलं,

"कितीदा मागतलं तिनं?"

हे मी या वहीतही लिहिलं नव्हतं.

"दोनदा."

ती वारलूशी गोंडीत बोलली, थोडंसंच. मग मलाही कळावं म्हणून असेल, की स्वतःच्या कानांनी ऐकावं म्हणून, तेच मराठीत म्हणाली, "भूमकाले सांगून ये. अन् घरोघरी सांगून ये. माह्या पोरीनं नवं खाल्लं नव्हतं."

वारलूने दोर खाली टाकला आणि निघाला. पहिल्याच घराशी तो थांबला. तिथली बाई बाहेर आली. मग दुसऱ्या घराशी. त्याचा आवाज इथपर्यंत येत होता, शब्द कळत नव्हते.

मंगलीबाई परत धान पसरू लागली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. बसला दोन तास होते. मी खळ्याच्या कडेला उभी राहिले. वारलू शेवटच्या घरापर्यंत जाऊन वळला, तोवर मी तिथेच होते.